अंगणातील खडी आणि रानातील तण
(ऊस विकास विभाग)



आपल्या कार्यक्षेत्रात वस्त्यांवर आता नवीन पद्धतीची घरे झाली आहेत. पूर्वी घरापुढे सारवलेले अंगण, बाजूला गोठा आणि मागे उकिरडा अशी रचना असे. आता घर स्लॅबचे झाले. अंगण सारवायला शेणही पुरत नाही आणि माणूसही मिळत नाही. म्हणून घराभोवती खडी पसरणे, कडेने गोटे लावणे, मधे चार मोठे दगड मांडून त्यात फुलझाडे लावणे ही पद्धत वाढत चालली आहे. दिसायला ते नीटनेटके दिसते. पावसाळ्यात चिखल होत नाही आणि पाहुण्याला चपला हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत यावे लागत नाही. यात वावगे काहीच नाही.

परंतु गटात फिरताना एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, दोन ब्रास खडी टाकली, तरी तण येतंयच. आता कुठलं औषध मारू?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख लिहिला आहे.

उसाच्या अंकात अंगणाचा विषय कशाला, असेही कोणी म्हणेल. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे घराभोवती वाढून बी धरलेले तण शेणखतातून, पाटाच्या पाण्यातून आणि ट्रॅक्टरच्या चाकांतून आपल्याच उसात जाते. आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे, म्हणजे अंगणात मारलेले औषध विहिरीपासून, गोठ्यापासून आणि खेळणाऱ्या पोरांपासून चार पावलांवर असते. रानातली चूक एका पिकापुरती असते, अंगणातली चूक घरात शिरते.

१. खडी काय करते व काय करीत नाही

खोडव्यात पाचट ठेवले की तण कमी येते, हा अनुभव आता सर्वांना आहे. तसे का होते? तणाच्या बारीक बियांना उगवून वर येण्यासाठी उजेड लागतो. पाचटाने जमीन झाकली की तो मिळत नाही आणि कोंब वर येण्याआधीच दमून मरतो. खडीचेही तसेच आहे. खडीच्या दगडात औषधी गुण काही नाही. खडी फक्त जमिनीवर सावली धरते.

मात्र पाचट आणि खडी यांत एक मोठा फरक आहे. पाचट कुजते आणि रानाला सेंद्रिय खत मिळते. खडी कुजत नाही, पण खडीच्या फटींत दुसरे काहीतरी कुजते. रस्त्याची धूळ, झाडाचा पाला, ट्रॅक्टरच्या चाकांची माती, कोंबड्यांनी उकरलेला केर हे सारे वरून पडत राहते. दोन पावसाळ्यांत खडीच्या फटींत बोटभर सुपीक माती तयार होते. त्यात वाऱ्याने आणलेले बी पडले की ते आरामात रुजते. म्हणजे नव्या खडीत येणारे तण खालून येते आणि जुन्या खडीत येणारे तण बहुतेक वरून येते.

ही एक गोष्ट लक्षात घेतली तर पुढचे सारे सोपे होते. खालून येणाऱ्या तणाचा बंदोबस्त खडी टाकण्यापूर्वी करावा लागतो. वरून येणाऱ्या तणाचा बंदोबस्त खडी स्वच्छ ठेवून करावा लागतो. खडी टाकली आणि काम संपले, असे कधीच होत नाही.

२. शत्रू ओळखा

अंगणातली सगळी तणे सारखी नसतात. त्यांचे ढोबळ मानाने तीन गट पाडावेत.

(अ) बियांवर जगणारी हंगामी तणे: गाजर गवत, माठ, घोळ, दुधी, केना, एकदांडी, टाकळा वगैरे. ही कोवळी असताना उपटली की संपली. फुलावर येऊ दिली तर मात्र पुढच्या कित्येक वर्षांची बेगमी करून जातात.

यात सर्वांत वाईट गाजर गवत. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो. मूळचे हे अमेरिका खंडातले. भारतात त्याची नोंद पुण्यात झाली आणि ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. परदेशातून आलेल्या धान्यातून ते आले असे सांगितले जाते. त्यानंतर त्याने देशभर हातपाय पसरले. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि एका जोमदार झाडाला १५ ते २५ हजारांपर्यंत बी धरते. अंगावर पुरळ येणे, खाज सुटणे, शिंका आणि दमा हे त्याचे त्रास आहेत. जनावराने वैरणीतून खाल्ले तर दुधाला कडवट वास येतो. हे गवत उघड्या हाताने उपटू नये. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालावी. फुलण्यापूर्वी आणि जमीन ओली असताना मुळासकट उपटावे.

गावठाणाच्या, रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात या गवताची पाने कुरतडणारा एक छोटा पट्टेदार भुंगा दिसतो. तो मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूरजवळ प्रथम सोडण्यात आला. आपल्याकडेही तो ठिकठिकाणी सोडला गेला आहे. तो दिसला तर त्याला मारू नका व तेथे कीटकनाशक फवारू नका. तो आपले काम फुकटात करतो.

(आ) हरळी: हिचे धावते खोड जमिनीवरून आणि जमिनीखालून असे दोन्ही वाटांनी पुढे सरकते. तुटलेल्या प्रत्येक पेराला नवीन मूळ फुटते. बांधावरची हरळी कडेने खडीत शिरते. तिला अडवायला कड लागते, ते पुढे सांगितले आहे.

(इ) लव्हाळा: याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात. त्या एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. जगातील सर्वांत त्रासदायक तणांत याची गणना होते. वरचे पान उपटले की गाठ खालीच राहते आणि आठ दिवसांत पुन्हा पाते वर येते. खडीचा थर त्याला अडवीत नाही. त्याचा सुईसारखा टोकदार कोंब प्लॅस्टिकचा कागदसुद्धा भोसकून वर येतो. ज्या जागेत लव्हाळा आहे, त्या जागेत तो काढल्याशिवाय खडी टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय.

३. खडी कोठे टाकावी व कोठे टाकू नये

खडीची उत्तम जागा म्हणजे छपराच्या पागोळ्या पडतात तो पट्टा. तेथे पाणी पडून माती उडते, भिंतीचा रंग खराब होतो आणि जोत्याशी खड्डा पडतो. दीड इंची खडीचा दोन फूट रुंद पट्टा तेथे टाकला तर हे तिन्ही त्रास वाचतात. फाटकापासून उंबऱ्यापर्यंतची वाट, मोटारसायकल व ट्रॅक्टर उभा करण्याची जागा, पाण्याच्या टाकीभोवतालची जागा हीसुद्धा योग्य ठिकाणे होत.

गोठ्यापुढे खडी टाकू नये. खडा जनावराच्या खुरांत अडकतो आणि जनावर लंगडते. शिवाय शेण-मूत खडीत मुरून माश्या होतात. धान्य, हळद वा शेंगा वाळवण्याची जागा मोकळी ठेवावी. चिंच, शेवगा, कडुलिंब अशा बारीक पानांच्या झाडांखाली खडी टाकू नये. तो पाला फटींत जातो आणि झाडून निघत नाही. कोणत्याही झाडाच्या बुंध्याशी खडीचा ढीग करू नये. आळे मोकळे ठेवावे.

दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून काळ्या खडीचा मोठा पट्टा टाकला तर उन्हाळ्यात ती तापून घरात झळ येते. त्या बाजूला झाड वा वेल लावणे बरे. पांढरे गोटे महाग पडतात आणि मुरमाच्या धुळीने एका हंगामात तांबडे होतात. जवळच्या खाणीची काळी खडी स्वस्त पडते आणि आपल्या मातीत शोभतेही.

मोठे दगड मांडायचे असतील तर एकावर एक रचून पोकळी ठेवू नये. पोकळीत उंदीर येतात, उंदरामागे साप येतो, आणि विंचवाला तर तशी जागा लागतेच. दगड तिसरा हिस्सा जमिनीत गाडून, भोवती माती ठोकून पक्का बसवावा. तो नैसर्गिकही दिसतो आणि पोराच्या पायावर घरंगळतही नाही. या उलट, घराभोवती तीन-चार फुटांचा उघडा, स्वच्छ पट्टा असेल तर रात्री बॅटरीच्या उजेडात सरपटणारे जनावर लांबून दिसते. उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

दगडांमध्ये फुलझाडे लावताना कमी पाण्यावर येणारी लावावीत. कोरफड, सदाफुली, निवडुंगाचे प्रकार चांगले येतात. कण्हेर शोभते, पण ती विषारी आहे. जनावराच्या तोंडाला येईल अशा जागी लावू नये आणि तिची छाटणी वैरणीत मिसळू देऊ नये.

४. खडी टाकण्याची रीत

ही कामे जानेवारी ते मे या काळात करावीत. क्रम चुकवू नये.

पहिले काम तण उगवू देण्याचे. हे उलटे वाटेल, पण रानात आपण हेच करतो. जागा सपाट करून पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत तण उगवून येईल. वाफशावर खुरपून काढावे. पुन्हा पाणी द्यावे आणि पुन्हा खुरपावे. असे दोनदा केले की वरच्या थरातले बरेचसे बी संपते.

दुसरे काम उन्हाचे. लव्हाळा वा हरळी असेल तर जागा वीतभर खोल खणून ढेकळे उलटी करावीत. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी या वीतभरातच असतात. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन आठवडे त्या उघड्या पडल्या की वाळून मरतात. गाठी आणि हरळीची खोडे वेचून बाजूला टणक जागी वाळत घालावीत. उकिरड्यात टाकू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी तीच पेरणी उसाच्या सरीत होईल.

जेथे फक्त बियांपासून येणारी तणे आहेत तेथे उन्हाचा दुसरा उपयोग करता येतो. जागा ओलवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून अंथरावा व कडा मातीने दाबाव्यात. चार ते सहा आठवड्यांत खालची माती इतकी तापते की वरच्या थरातले बरेच बी मरते. कागद काळा नको, पारदर्शकच हवा. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र याने हटत नाहीत.

तिसरे काम उताराचे. जमिनीचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूस ठेवावा. दहा फुटांना तीन इंच उतार पुरे. काळ्या जमिनीत हे काम फार महत्त्वाचे आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, व त्यामुळे भिंतीला तडे जातात. उतार न देता खड्डा खणून खडी भरली तर तो पाण्याचा हौदच होतो आणि ते पाणी सरळ पायात मुरते. भिंतीलगत अडीच-तीन फूट फरशी वा काँक्रीटचा पट्टा करून त्याच्या बाहेर खडी टाकणे सर्वांत उत्तम.

चौथे काम मुरमाचे. काळ्या मातीवर नुसती खडी टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात माती खडी गिळून टाकते. म्हणून खाली चार इंच मुरमाचा थर द्यावा, पाणी मारावे आणि धुमसाने चांगला ठोकावा. माळाच्या मुरमाड जमिनीत या थराची गरज नाही.

पाचवे काम कडेचे. बांध वा वाफ्याच्या बाजूने एक चर खणून त्यात विटा उभ्या लावाव्यात किंवा दगडी कड बसवावी. कड जमिनीत वीतभर खोल आणि जमिनीवर दोन इंच असावी. जमिनीखालून येणारी हरळी त्यामुळे थांबते. वरून ओलांडणारी दिसते आणि खुरप्याने तोडता येते.

सहावे काम खडी पसरण्याचे. चालण्याच्या जागी पाऊण इंची व पागोळ्यांखाली दीड इंची खडी घ्यावी. खडी कच आणि भुकटी नसलेली, धुतलेली असावी. भुकटी म्हणजे तणाला आयती माती. थर तीन इंचांचा द्यावा. दोन इंचांच्या थरातून उजेड खाली जातो आणि चार इंचांच्या वर गेले की पाय रुततात, सायकल चालत नाही.

५. हिशेब

खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तीन इंच म्हणजे पाव फूट. म्हणून एक ब्रास खडी ४०० चौरस फूट जागेला पुरते, हा साधा हिशेब पाठ करावा.

उदाहरणार्थ, घर ३० फूट बाय ४० फूट असेल आणि चारी बाजूंनी ४ फूट रुंदीचा पट्टा करायचा असेल, तर बाहेरचे माप ३८ बाय ४८ होते. म्हणजे १,८२४ चौरस फूट. त्यातून घराचे १,२०० वजा करता ६२४ चौरस फूट उरतात. यास १५६ घनफूट, म्हणजे दीड ब्रासहून थोडी जास्त खडी लागेल. चार इंच मुरमासाठी २०८ घनफूट, म्हणजे दोन ब्रासहून थोडा अधिक मुरूम लागेल. ठोकल्यावर मुरूम बसतो, त्यासाठी थोडा जादा धरावा. खडीवाला दाराशी चार ब्रास ओतून गेला तर उरलेली कोठे जाणार हे आधीच ठरवा. बहुधा ती गोठ्यापुढे जाते, आणि तेथेच ती नको असते.

नदीच्या पात्रातून गोटे वा वाळू, किंवा गायरानातून मुरूम परवानगीशिवाय उचलू नये. ही गौण खनिजे आहेत व त्यावर शासनाचे स्वामित्वधन असते. तहसील कार्यालयात चौकशी करून मगच ट्रॉली भरावी. आपल्याच रानातले वेचलेले दगडगोटे बांधावर पडून असतात. कडेसाठी ते उत्तम.

६. कागद, पोती की कापड?

खडीखाली काहीतरी अंथरले की तण येत नाही असा समज आहे. भाजीपाल्याचा मल्चिंग पेपर यासाठी वापरू नये. तो पातळ असतो, खड्यांनी फाटतो, आणि फाटत नाही तेथे पाणी अडवून धरतो. खताची रिकामी पोती अंथरणारेही पुष्कळ आहेत. उन्हाने पोत्याचे धागे सुटतात आणि त्याच्या चिंध्या वाऱ्याने उसात, पाटात आणि जनावराच्या पोटात जातात. पोती मुळीच वापरू नयेत.

विणलेले, पाणी झिरपू देणारे तणरोधक कापड मिळते. ते खालून येणाऱ्या हंगामी तणाला काही वर्षे अडवते आणि खडी मातीत जाऊ देत नाही. पण वर माती साचली की तण कापडाच्या वर उगवते व त्याची मुळे विणीत अडकतात. मग ते उपटताना कापडच वर येते. म्हणून ज्याला खडी झाडून स्वच्छ ठेवायची आहे त्यानेच कापडावर खर्च करावा, आणि ज्याला झाडायचे नाही त्याने तो करू नये. प्लॅस्टिकच्या कागदाची खरी जागा खडीखाली नाही. खडी टाकण्यापूर्वी माती तापवण्यासाठी तो वापरावा आणि गुंडाळून ठेवावा.

७. तणनाशकाबद्दल

उसात मारून उरलेले औषध अंगणात मारण्याची सवय फार वाढली आहे. या बाबतीत स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

उसाच्या शिफारशीतले औषध अंगणासाठी नसते. प्रत्येक औषधाच्या डब्यावर कोणत्या पिकात व कोणत्या तणासाठी ते आहे हे छापलेले असते. रानातल्या मातीत सेंद्रिय अंश असतो, तो औषधाला काही प्रमाणात धरून ठेवतो. खडी आणि मुरूम काहीच धरीत नाहीत. पाऊस पडला की औषध सरळ खाली जाते. अ‍ॅट्राझीनसारखे औषध पाण्याबरोबर भूगर्भात उतरते हे जगभर दिसून आले आहे. आणि वस्तीवरची विहीर वा बोअर बहुतेक अंगणातच असते.

२,४-डी हे रुंद पानांच्या तणासाठी आहे. हरळीचे ते फारसे काही बिघडवत नाही. उलट बाजूची तणे मेल्याने हरळीला मोकळे रान मिळते. शिवाय त्याचे तुषार आणि काही प्रकारांची वाफसुद्धा वाऱ्याने दूर जाते. द्राक्ष, कापूस, टोमॅटो, वांगी, भेंडी, पपई ही पिके त्याला फार नाजूक. आमच्या गटातील एका गावी दोन भावांच्या वस्त्या लागून आहेत. धाकट्याने खडीतल्या तणावर उसातले उरलेले २,४-डी मारले. चार दिवसांत थोरल्याच्या टोमॅटोची पाने पिळवटून दोरीसारखी झाली. रोग समजून त्यांनी दोन फवारण्या वाया घालवल्या. खरे कारण कळल्यावर बोलणे बंद झाले, ते पुढच्या दिवाळीपर्यंत. खडीतले तण मात्र पुन्हा उगवलेच होते.

ग्लायफोसेटच्या बाबतीत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावे असा निर्बंध घातला. अंगणात ते हौसेने मारण्याची गोष्ट नव्हे. आणि पॅराक्वाट तर घराच्या आसपास ठेवूच नये. त्यावर उतारा नाही. घोटभर पोटात गेले तरी माणूस हाती लागत नाही. कोणतेही औषध सरबताच्या, दारूच्या वा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. मूळ डब्यात, कुलपात आणि राहत्या घराबाहेर ठेवा. ही एवढी एक गोष्ट या लेखातून घेतली तरी लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

मीठ मारू नये. पडीक जागी गाजर गवतावर मिठाच्या पाण्याची शिफारस पूर्वी केली जात असे. पण आपल्याकडे पाण्याच्या अतिवापराने जमिनी आधीच क्षारपड होत आहेत, त्यात हाताने मीठ घालणे शहाणपणाचे नाही. जळके ऑईल ओतू नये. ते तणही मारते आणि मातीही, आणि पावसात वाहून पाटात जाते.

मग करावे काय? खडीच्या फटीतल्या कोवळ्या तणावर उकळते पाणी ओतावे. बंबातले उरलेले पाणी पुन्हा उकळून घेतले तरी चालते. मुलांना लांब ठेवून, जपून ओतावे. बारीक तण यानेच मरते आणि विहिरीला धोका नाही. बाकीच्यासाठी खुरपे आहेच.

८. वर्षाचे काम

मे: खडी दाताळ्याने हलवून मोकळी करावी. माती फार साचली असेल तर खडी उचलून वाळूच्या जाळीवर चाळावी, धुवावी आणि पुन्हा पसरावी. तीन-चार वर्षांतून एकदा हे करावेच. चाळून निघालेली माती उसात टाकू नये. त्यात तणाचे बी असते. ती खड्ड्यात खोल पुरावी.

जून-जुलै: मृगाच्या पावसानंतर दहा-पंधरा दिवसांत तणाची पहिली लाट येते. वर्षातले सर्वांत मोलाचे काम हेच. बोटभर उंचीचे तण ओल्या खडीतून चिमटीने निघते. त्यासाठी अर्धा तास पुरतो. हेच काम श्रावणात करायला दोन बाया आणि दोन दिवस लागतात.

ऑगस्ट-सप्टेंबर: दर पंधरवड्याला एक फेरी मारावी. गाजर गवताचे एकही फूल दिसू देऊ नये. हरळीचा एक वाफा मात्र विटांची कड घालून मुद्दाम राखावा. गणपतीच्या दूर्वांसाठी दुसऱ्याच्या बांधावर जायला नको. आघाडाही एक-दोन झाडे असू द्यावा, व्रतवैकल्यांना लागतो. फक्त पत्री काढून झाली की बी धरण्यापूर्वी कापावा. घोळ, तांदुळजा यांची भाजी होते, पण जेथे कधी औषध मारले आहे तेथील भाजी घरात आणू नये.

ऑक्टोबरपासून पुढे: गळीत हंगामात रस्त्यांना धूळ फार असते. आठवड्यातून एकदा खराट्याने पाला-केर झाडावा. बागायतीत ओल असल्याने थंडीतही चंदन बटव्यासारखे तण येते, त्याकडे लक्ष ठेवावे.

उपटलेल्या तणाचे काय करावे, हेही महत्त्वाचे आहे. फुलापूर्वीचे तण कंपोस्ट खड्ड्यात खुशाल टाकावे, त्याचे चांगले खत होते. बी धरलेले तण आणि लव्हाळ्याच्या गाठी यांना खड्ड्यात जागा नाही. त्या वाळवून नष्ट कराव्यात.

९. उसाशी याचा संबंध

उसाला पहिल्या तीन-चार महिन्यांत तणाचा सर्वांत जास्त उपद्रव होतो. फुटवे फुटण्याच्या काळात तणाने खाल्लेले खत-पाणी ऊस पुढे भरून काढू शकत नाही. त्या काळात खुरपणीला माणसे मिळत नाहीत आणि मजुरी किती जाते हे मी सांगायला नको. आपण बेणे निवडून आणतो, बेणेप्रक्रिया करतो, आणि त्याच सरीत घरचे शेणखत टाकून गाजर गवताचे व लव्हाळ्याचे बेणेही पेरतो. पाटाच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर तण बी धरते आणि खालच्या दहा जणांच्या चाऱ्यांत ते वाहत जाते. म्हणून हे काम एकट्याच्या अंगणाचे नाही. एका पाटावरच्या सर्वांनी जुलैत एक दिवस ठरवून आपापले अंगण आणि पाटाची कड साफ केली, तर त्याचा उपयोग एकेकट्याने वर्षभर खुरपण्यापेक्षा जास्त होईल.

थोडक्यात लक्षात ठेवावे:

(१) आधी तण काढा, उतार द्या, मुरूम ठोका, कड बसवा, आणि मग खडी टाका.
(२) तीन इंच थर द्या. एक ब्रास खडी ४०० चौरस फुटांना पुरते.
(३) खडीखाली प्लॅस्टिकचा कागद व खताची पोती नकोत.
(४) खडीवर माती साचू देऊ नका आणि तणाला बी धरू देऊ नका.
(५) अंगणात तणनाशक, मीठ व जळके ऑईल नको. औषधाचा डबा कुलपात ठेवा.

कोणास आपल्या जागेचा उतार, माती किंवा तणाचा प्रकार याबद्दल शंका असेल तर तणाचे एक रोप मुळासकट घेऊन आपल्या शेतकी गट कार्यालयात यावे. रोप पाहून तणाचे नाव आणि त्यावरचा उपाय सांगण्याची व्यवस्था केली आहे. रोप शक्यतो फुलावर येण्याआधी आणावे, म्हणजे सल्ला देईपर्यंत उशीर झालेला नसेल.